सांडपाण्यांतील विषाणूंचे पाठभेद : एका नव्या साधनाची चिकित्सा

(१)

जुने कागद, पोथ्या व शिलालेख यांच्या संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत शहराच्या मैलापाण्याविषयीं लेख यावा, हें वाचकांस प्रथमदर्शनीं विलक्षण वाटेल. परंतु साधन कोणत्या जातीचें आहे यापेक्षां तें वाचावयाचें कसें व त्यावर किती विसंबावयाचें, हा संशोधकाचा खरा प्रश्न असतो. सांडपाण्यांतून विषाणूंचे निरनिराळे प्रकार ओळखण्याची जी पद्धति अलीकडे रूढ झाली आहे, ती मुळांत प्रतींचे पाठभेद जुळवून त्यांचा वंश ठरविण्याचीच पद्धति आहे. तिचें मर्म समजण्यास वैद्यकाची पूर्वतयारी लागत नाहीं. किंबहुना तिच्यांतील गुण व धोके पोथ्या हाताळणारांस इतरांपेक्षां लौकर दिसतील, अशा समजुतीनें हा लेख लिहिला आहे.

सोलापूरकरांस सांथीचा विषय परका नाहीं. पंढरपूरची यात्रा याच जिल्ह्यांतली. एकोणिसाव्या शतकांत यात्रेच्या गर्दींत पटकी उद्भवावी आणि परतणाऱ्या यात्रेकरूंच्या पाउलांबरोबर ती गांवोगांव जावी, असें वारंवार घडलें. १८९६ सालीं मुंबईस उद्भवलेला प्लेग पुढें सोलापुरासहि आला. या जुन्या सांथींचा इतिहास लिहूं जातां हातीं येतात ते मृत्यूंचे आकडे, म्युनिसिपालिटीचे अहवाल आणि बंदोबस्ताचे हुकूम. सांथ कोठून आली, ती एकदांच आली कीं दोन वाटांनीं आली, हें त्या कागदांवरून तर्कानेंच ठरवावें लागतें. कारण मृत्यूची नोंद रोगाचें नांव सांगते, रोगबीजाचें कूळ सांगत नाहीं.

२०२० च्या सांथीची गोष्ट निराळी आहे. त्या वर्षीं १ जुलै रोजीं आषाढी एकादशी होती. पायीं वारी न निघतां संतांच्या पादुका एस. टी. गाड्यांतून पंढरपुरास आणाव्या लागल्या. त्या सांथीच्या काळांत विषाणूची संहिता अक्षरशः वाचून ठेवण्याची विद्या हातीं आलेली होती, आणि ती केवळ रुग्णांच्या घशांतील नमुन्यांवरच नव्हे, तर शहरांच्या गटारांतील पाण्यावरहि चालविली गेली. म्हणून पुढील काळाच्या इतिहासकारास मृत्यूंच्या आकड्यांखेरीज हें दुसरें दप्तरहि मिळणार आहे. त्याची चिकित्सा आजच होणें अवश्य आहे.

(२)

प्रथम संहिता म्हणजे काय तें पाहूं. करोना विषाणूच्या अंतर्यामीं आर. एन. ए. नांवाच्या द्रव्याचा एक लांब धागा असतो. त्यावर चार प्रकारचे रासायनिक घटक एकापुढें एक ओवलेले असतात. त्यांस ए, सी, जी व यू अशीं चार अक्षरें मानण्याचा प्रघात आहे. या विषाणूची संपूर्ण संहिता सुमारें ३० हजार अक्षरांची भरते. हजारएक ओव्यांचा एखादा लहानसा ग्रंथ असावा तेवढी. विषाणू मनुष्याच्या पेशींत शिरला म्हणजे या ग्रंथाच्या नकला होऊं लागतात. नक्कल करणारा कितीहि सावध असला तरी चुका होतातच. करोना विषाणूंत तर लिहिलेलें तपासून दुरुस्त करणारी व्यवस्थाहि आहे. म्हणून त्याच्या चुका अशा इतर कित्येक विषाणूंपेक्षां कमी होतात. तथापि कोणतीहि एक शाखा घेतली तर तींत महिन्याकांठीं साधारण दोन अक्षरांचा फरक पडून तो टिकून राहतो. या फरकास उत्परिवर्तन म्हणतात; आपण त्यास पाठभेद म्हणूं.

दोन प्रतींचें नातें कशावरून ठरवावें, याचा नियम आपल्या वाचकांस ठाऊक आहे. शुद्ध पाठ दोन्ही प्रतींत सारखा असणें यांत नवल नाहीं; तो मूळ ग्रंथांतूनच दोघींस मिळालेला असतो. परंतु एकच अपपाठ दोन प्रतींत सांपडला, तर त्या दोन्ही एका आदर्शावरून उतरल्या असा संभव उत्पन्न होतो, आणि असे अपपाठ जितके अधिक तितका तो संभव दृढ होतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेलें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें कार्य याच न्यायानें चाललें. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें व सर्व पर्वें १९६६ पर्यंत सिद्ध झालीं. विषाणूंचा वंशवृक्ष रचणारे शास्त्रज्ञ संगणकाच्या साह्यानें लाखों संहिता जुळवितात, एवढाच भेद, न्याय तोच.

न्याय तोच असल्यामुळें फसण्याच्या जागाहि त्याच आहेत. २४ मार्च २०२१ रोजीं केंद्रीय आरोग्यखात्यानें जाहीर केलें कीं, महाराष्ट्रांतील नमुन्यांत दोन विशिष्ट पाठभेद एकत्र आढळले आहेत. विषाणूच्या पृष्ठावर जें कांटेरी प्रथिन असतें, त्याच्या ४५२ व्या व ४८४ व्या स्थानांवरचे ते भेद होत. लोकांत त्यास 'दुहेरी उत्परिवर्तन' असें नांव पडलें. परंतु त्याच घराण्याची जी शाखा पुढें जगभर पसरली आणि जिला ३१ मे २०२१ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें 'डेल्टा' हें नांव दिलें, तींत ४५२ वरचा पाठ टिकला आहे, ४८४ वरचा नाहीं. उलट ४५२ वरचा तोच पाठ अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांतल्या एका अगदीं निराळ्या घराण्यांत स्वतंत्रपणें उत्पन्न झाला होता. दोन लेखनिकांनीं एकमेकांस न पाहतां एकच चूक करावी, तसा हा प्रकार. यावरून एका स्थानावर भिस्त ठेवून कूळ ठरवूं नये, हा धडा मिळतो.

तिसरा धोका मिश्रणाचा. महाभारताच्या प्रती एकाच आदर्शावरून सरळ उतरलेल्या नसून लेखनिकांनीं दोन परंपरांचे पाठ एकत्र केलेले असल्यामुळें शुद्ध वंशवृक्ष काढतां येत नाहीं, अशी अडचण सुखठणकरांपुढें होती. विषाणूंतहि असें घडतें. एका मनुष्याच्या शरीरांत दोन प्रकार एकाच वेळीं शिरले तर नक्कल करतां करतां अर्धा मजकूर एकाचा व अर्धा दुसऱ्याचा असा नवा ग्रंथ तयार होतो. २०२२ सालीं भारतांत व इतरत्र पसरलेला 'एक्सबीबी' हा प्रकार असाच, ओमायक्रॉनच्या दोन उपशाखांच्या संकरानें झालेला आहे.

(३)

आतां हा ग्रंथ गटारांत कसा येतो व तेथून कसा वाचतात तें सांगतों. करोनाचा संसर्ग झालेल्या पुष्कळ माणसांच्या विष्ठेंतून विषाणूचे अंश बाहेर पडतात. ताप-खोकला सुरू होण्यापूर्वींच कित्येकांत हें सुरू होतें, आणि मनुष्य बरा झाल्यावरहि कांहीं काळ चालूं राहतें. ज्यास रोगाचें कोणतेंच लक्षण नाहीं व जो दवाखान्याची पायरीहि चढत नाहीं, त्याचाहि अंश या पाण्यांत येतो. हाच या साधनाचा मोठा गुण होय. रुग्णालयाच्या नोंदवहींत येण्यास मनुष्याची इच्छा, ऐपत व सवड लागते. गटाराच्या नोंदींत येण्यास यांपैकीं कांहींच लागत नाहीं.

मैलाशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशीं, म्हणजे पाणी शुद्ध होण्यापूर्वीं, नमुना घेतात. एकाच क्षणीं बाटली भरली तर त्या क्षणाचेंच चित्र मिळतें; चोवीस तासांत थोडें थोडें पाणी घेऊन एकत्र केलें तर साऱ्या दिवसाचें मिळतें. नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेंत नेतात, गाळून त्यांतील माती व घाण काढतात आणि एखादें द्रव्य मिसळून विषाणूचे विरळ अंश खालीं बसवितात. नंतर आर. एन. ए. वेगळें काढून त्याची डी. एन. ए. च्या रूपांत नक्कल करतात, आणि ठराविक भागाची संख्या फेरीगणिक दुप्पट करीत जातात. या कृतीस पी. सी. आर. म्हणतात. जितक्या कमी फेऱ्यांत खूण उमटेल तितका मूळ अंश अधिक. मूळ अंश दसपट असल्यास खूण सव्वातीन-साडेतीन फेऱ्या आधीं दिसते.

पावसानें पाणी पातळ झालें तर आकडा खालीं येणारच. मग सांथ ओसरली कीं पाऊस पडला, हें कसें ओळखावें? त्यासाठीं एक मौजेची युक्ति योजितात. मिरचीच्या झाडावर पडणारा एक विषाणू मनुष्यास कांहीं इजा न करतां तिखटामिरचीबरोबर पोटांत जातो व तसाच बाहेर पडतो. तो सांडपाण्यांत मुबलक असतो. करोनाच्या अंशाचें त्याच्याशीं प्रमाण पाहिलें म्हणजे पाणी किती पातळ झालें याचा हिशेब लागतो. चटणीवांचून जेथें भाकरीचा घास उतरत नाहीं अशा आपल्या जिल्ह्यांत हें माप कमी पडण्याचें भय नाहीं.

येथवर विषाणू किती आहे हें समजलें. कोणता आहे हें समजण्यास संहिता वाचावी लागते. गटारांत अख्खा धागा क्वचितच सांपडतो. सांपडतात ते तुकडे. म्हणून साऱ्या संहितेवर सुमारें ४०० अक्षरांचे, एकमेकांवर थोडे चढलेले असे टप्पे आंखतात आणि प्रत्येक टप्प्याच्या असंख्य नकला करून त्या यंत्रानें वाचतात.

(४)

येथें पोथीशी असलेलें साम्य सुटतें, आणि तेंच ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रुग्णाच्या घशांतील नमुना म्हणजे बहुधा एक पोथी. तिचीं पानें एका लेखनिकाचीं आहेत असें धरून चालतां येतें. सांडपाण्याचा नमुना म्हणजे एका रुमालांत बांधलेलीं हजारों पोथ्यांचीं फाटकीं पानें, आणि तींहि पृष्ठांकावांचून. एका पानावर एक अपपाठ दिसला व दुसऱ्या पानावर दुसरा, एवढ्यावरून ते दोन्ही एकाच पोथींतले असें म्हणतां येत नाहीं. एकाच सलग तुकड्यावर दोन-तीन विशिष्ट पाठभेद मिळाले, तरच ते एका प्रतींत एकत्र होते हें सिद्ध होतें.

यावर उपाय असा. ज्ञात प्रकारांपैकीं प्रत्येकाच्या पाठभेदांची यादी आधीं तयार असते. प्रत्येक स्थानावर शंभरांतील किती तुकडे नवा पाठ दाखवितात तें मोजतात, आणि कोणकोणते प्रकार कोणत्या प्रमाणांत मिसळले असतां हे सर्व आकडे एकदम जुळतील तें गणितानें काढतात. अमेरिकेंतील सॅन डिएगो येथील संशोधकांनीं यासाठीं 'फ्रेया' नांवाची संगणकीय रीत बसविली. त्यांचा निबंध २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या नमुन्यांत दिसण्यापूर्वीं १४ दिवसांपर्यंत आधीं कांहीं नवे प्रकार सांडपाण्यांत ओळखूं आले, असें त्यांत दाखविलें आहे. सांथीच्या दिवसांत चौदा दिवस ही थोडी मुदत नव्हे. तेवढ्यांत खाटा, प्राणवायू व माणसें यांची तजवीज करतां येते.

परंतु ही रीत यादीवर अवलंबून आहे. यादींत नसलेलें घराणें गटारांत आलें तर गणित त्याचे पाठभेद जवळच्या ज्ञात घराण्यांच्या नांवावर खर्ची घालील. तसेंच एका खुणेवरून केलेली ओळख कच्ची असते. ओमायक्रॉनच्या पहिल्या शाखेंत कांटेरी प्रथिनाच्या मजकुरांतील एका ठिकाणचीं सहा अक्षरें गळालेलीं आहेत. त्यामुळें तीन ठिकाणीं खूण पाहणाऱ्या एका प्रचलित चांचणींत दोन खुणा उमटत व तिसरी उमटत नसे. डेल्टामध्यें ही गळती नसल्यामुळें २०२१ च्या अखेरीस नवा पाहुणा ओळखण्यास ती सोयीची ठरली. पण तीच सहा अक्षरें पूर्वींच्या अल्फा प्रकारांतहि गळालीं होतीं, आणि ओमायक्रॉनच्याच दुसऱ्या शाखेंत तीं शाबूत होतीं. गळालेल्या ओळीवरून पोथीचें कूळ सांगणारानें ती ओळ आणखी कोठें कोठें गळाली आहे हें पाहिलेंच पाहिजे.

(५)

सांडपाण्यांत रोगबीज शोधण्याची कल्पना नवी नाहीं. १९४० च्या सुमारास अमेरिकेंत पॉल व ट्रास्क यांनीं शहरी सांडपाण्यांत पोलिओचा विषाणू दाखवून दिला. त्या वेळीं तो ओळखण्यास माकडांवर प्रयोग करावे लागत. १९४८ सालीं इंग्लंडांत मूर यांनीं गटारांत कापडाच्या पट्ट्या सोडून, रोगबीज कोणत्या फांट्यानें येतें तें पाहत पाहत विषमज्वरासारख्या रोगाच्या वाहकापर्यंत माग काढला. विषाणूचें कूळ वाचून त्याची वाट ठरविणें ही पुढची पायरी. आणि तिचा एक ठसठशीत दाखला आपल्याच प्रांतांत, मुंबईस घडला आहे.

मुंबईच्या सांडपाण्यांत पोलिओचा शोध २००१ पासून नियमानें सुरू झाला. तेथील आंत्रविषाणु संशोधन केंद्रांत नमुने तपासले जात आणि विषाणूच्या बाह्य कवचाचा सुमारें ९०० अक्षरांचा एक भाग वाचला जाई. तेवढ्यावरून दोन गोष्टी समजत. लसींतून आलेला निरुपद्रवी विषाणू कोणता व रानटी कोणता, ही पहिली. रानटी असल्यास त्याचें घराणें उत्तर प्रदेशांतलें कीं बिहारांतलें, ही दुसरी. मुंबईंत पोलिओचे रुग्ण दिसत नसतांहि उत्तरेकडील घराण्यांचे विषाणू तेथील गटारांत येऊन जात, हें अशा वाचनावरून कळलें. मुंबईच्या सांडपाण्यांत रानटी पोलिओ अखेरचा सांपडला तो नोव्हेंबर २०१० मध्यें. देशांतील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालच्या हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारत ज्या विभागांत मोडतो तो विभाग पोलिओमुक्त ठरला. रोग नाहीं असें म्हणण्यास नुसता रुग्णांचा अभाव पुरला नसता. गटारांतील मौनाची साक्षहि घ्यावी लागली.

हें मौन कायमचें नसतें. २०२२ सालीं लंडन, न्यूयॉर्क व जेरुसलेम येथील सांडपाण्यांत लसीपासून उत्पन्न झालेला पोलिओ विषाणू सांपडला, आणि तिन्ही ठिकाणच्या संहिता एकमेकींच्या नात्यांतल्या निघाल्या. तीन समुद्रांपलीकडील तीन नगरांच्या मोऱ्या एका वंशावळींत आल्या.

(६)

करोनाच्या बाबतींत सोलापुराजवळचा, प्रसिद्ध झालेला व आंकडेवार असा दाखला पुण्याचा आहे. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या सहा महिन्यांत पुणें शहरांतील १० मैलाशुद्धीकरण केंद्रांतून ४४२ नमुने घेण्यांत आले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या या कामाचा निबंध २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या काळांत डेल्टा मागें पडून ओमायक्रॉन पुढें आला, नेमका तोच काळ या नमुन्यांत सांपडला आहे. एक राजवट जाऊन दुसरी येतांना दप्तरांतील शिक्के कसे बदलत जातात, त्याप्रमाणें आठवड्यामागून आठवडा प्रमाण बदलत गेलेलें दिसतें. बंगळूर शहरांतहि जानेवारी ते जून २०२२ मध्यें २८ केंद्रांवर असेंच काम झालें.

पुण्याच्या निबंधांत एक विधान असें आहे कीं, ओमायक्रॉनचे तुकडे पुण्याच्या सांडपाण्यांत बोट्स्वाना देशांतील पहिल्या रुग्णाच्या आधींच्या नमुन्यांत मिळाले. ओमायक्रॉनची वर्दी जागतिक आरोग्य संघटनेस २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं दक्षिण आफ्रिकेनें दिली, २६ तारखेस त्यास नांव मिळालें आणि महाराष्ट्रांतील पहिला रुग्ण ४ डिसेंबर रोजीं डोंबिवलीस जाहीर झाला. तेव्हां हें विधान मोठें आहे. आपल्या वाचकांस त्यांत ओळखीचा पेंच दिसेल. पुष्पिकेवर मिति असलेली सर्वांत जुनी पोथी एके ठिकाणची. आणि तिच्याहून जुन्या रुमालांत त्याच ग्रंथाचीं म्हणून कांहीं सुटीं पानें दुसरे ठिकाणीं. अशा वेळीं पानें खोटीं म्हणून टाकूं नयेत आणि ग्रंथाचें जन्मस्थान बदललें असेंहि लगेच म्हणूं नये.

प्रश्न विचारावे ते असे. तुकड्यावरचा पाठभेद केवळ ओमायक्रॉनचा आहे, कीं पूर्वींच्या एखाद्या घराण्यांतहि तो तुरळक आढळतो? असे किती पाठभेद एकाच सलग तुकड्यावर मिळाले? एकाच नमुन्यांत मिळाले कीं शहराच्या निरनिराळ्या केंद्रांवर? वाचन त्याच आठवड्यांत झालें, कीं प्रयोगशाळेंत ओमायक्रॉनचे इतर नमुने येऊं लागल्यावर? दुसरी गोष्ट असल्यास एका नमुन्याचा कण दुसऱ्यांत जाण्याची भीति धरलीच पाहिजे. एका रुमालांतलें पान दुसऱ्यांत बांधलें जाण्यासारखेंच तें आहे. आणि सर्वांत शेवटीं, मूळ नमुन्याचा राखून ठेवलेला अंश दुसऱ्या प्रयोगशाळेस देऊन पुन्हां वाचवितां येतो काय? या कसोट्यांस उतरलेलें सुटें पान निःसंशय साधन होय. न उतरलेलें पान संशयित म्हणून जपून ठेवावें. बोट्स्वानांत प्रथम वाचलें गेलें म्हणजे तेथेंच जन्मलें असा अर्थ होत नाहीं, हेंहि दुसऱ्या बाजूनें तितकेंच खरें. आद्य उपलब्ध प्रत ही आद्य प्रत नव्हे.

(७)

आतां या दप्तराच्या मौनाविषयीं. भुयारी गटाराला जीं घरें जोडलेलीं आहेत तेवढ्यांचाच पाठ मैलाशुद्धीकरण केंद्राशीं येतो. ज्या वस्तींत शोषखड्डे आहेत, ज्या गल्लींतील पाणी उघड्या नाल्यानें ओढ्यास मिळतें, जो मनुष्य उघड्यावर बसतो, त्याची नोंद येथें नाहीं. राजदरबारच्या दप्तरांत कुणब्याचें नांव सारा थकला तरच येतें, तशांतला हा प्रकार. म्हणून केंद्रावर एखादा प्रकार सांपडला नाहीं, एवढ्यावरून तो शहरांत नव्हता असें अनुमान काढणें चूक होय. पंढरपुराविषयीं तर अधिक सावधपणा हवा. आषाढीच्या दिवसांत लाखों माणसें वाळवंटांत, मठांत, तंबूंत उतरतात. त्यांच्यापैकीं पुष्कळांचा संबंध गांवच्या गटाराशीं येतच नाहीं, तात्पुरत्या शौचालयांशीं येतो. यात्रेंत काय आलें व काय गेलें हें जाणावयाचें असेल तर त्या शौचालयांच्या टांक्यांतून नमुने घेतले पाहिजेत, आणि ते यात्रेपूर्वीं, यात्रेंत व यात्रेनंतर असे तीन वेळां. नाहीं तर पाहुण्यांचा पाठ यजमानाच्या नांवावर चढेल.

सोलापुरासारख्या सुताच्या व कापडाच्या गांवीं दुसरीहि एक अडचण संभवते. कांहीं रंगद्रव्यें पी. सी. आर. च्या कृतींत अडथळा आणतात. रंगाऱ्यांच्या कारखान्यांचें पाणी ज्या गटारांत मिसळतें, तेथील नमुन्यांत विषाणू असूनहि खूण उमटणार नाहीं असा धोका राहतो. यास्तव ज्ञात प्रमाणांत एखादा निरुपद्रवी विषाणू नमुन्यांत मुद्दाम घालून तो पुरा हातीं लागतो कीं नाहीं, हें प्रत्येक वेळीं पाहावें लागतें. कीड लागून कोरा दिसणारा कागद व मुळांत कोरा कागद यांतील भेद ओळखण्याची ही रीत होय.

याच्या उलट बाजूसहि धोका आहे. पाणी सर्वांचें एकत्र असल्यामुळें त्यांत कोणा एकाचें नांव नसतें, हा या साधनाचा नैतिक आधार समजला जातो. परंतु अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत २०२२ सालीं एक अपूर्व घराणें सांडपाण्यांत सांपडलें, आणि संशोधक एकेक फांट्यावर नमुने घेत घेत वर सरकले, तेव्हां त्याचा उगम एका इमारतीपर्यंत येऊन ठेपला.  मोठ्या केंद्राशीं घेतलेला नमुना शहराचा असतो. वाड्याच्या मोरींतला नमुना वाड्याचा होतो. प्लेगच्या दिवसांत घरझडत्यांनीं लोकांचा विश्वास कसा उडाला होता, हें महाराष्ट्रास निराळें सांगावयास नको. नमुना किती वरच्या फांट्यावर घ्यावा, हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाहीं.

(८)

राहिला जतनाचा प्रश्न, आणि प्रस्तुत लेखकास या सर्वांत तोच मुख्य वाटतो. सांथ भरांत असतां पैसा, माणसें व उत्साह यांची वाण नसते. ती ओसरली म्हणजे शीतपेट्यांची वीज, संगणकांतील जागा आणि नोंदवह्यांची निगा यांस वाली उरत नाहीं. वाचून छापलेला निष्कर्ष टिकतो. ज्यावरून तो काढला तें साधन जातें. आपल्याकडे कित्येक बखरींची छापील आवृत्ति तेवढी हातीं आहे आणि मूळ प्रत नाहीं. मग संपादकानें कोठें शब्द बदलला हें कळण्यास मार्ग राहत नाहीं. विषाणूंच्या बाबतींत हानि अधिक मोठी, कारण पाठांची यादी वर्षागणिक वाढते. २०२१ सालीं जो तुकडा निरर्थक म्हणून सोडून दिला, तो २०२६ सालच्या यादीशीं ताडून पाहतां एखाद्या घराण्याचा पूर्वज ठरूं शकेल. परंतु त्यासाठीं यंत्रानें वाचलेले मूळ तुकडे जसेच्या तसे ठेवलेले असले पाहिजेत. केवळ 'अमुक प्रकार शेंकडा अमुक' एवढें कोष्टक पुरत नाहीं.

फरिदाबाद येथें २०२२ सालीं अशा माहितीचें राष्ट्रीय भांडार उघडलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण भांडारांत घातलेल्या तुकड्यांबरोबर त्यांची पुष्पिकाहि गेली पाहिजे. कोणत्या केंद्रावर, कोणत्या तारखेस, कोणत्या वेळीं पाणी घेतलें. एकदम घेतलें कीं थोडें थोडें. त्या दिवशीं पाऊस होता काय. त्या केंद्राकडे कोणते वाडे-वस्त्या वाहतात व अंदाजें किती माणसें. नमुना किती दिवस कोणत्या थंडींत राहिला. कोणत्या कृतीनें वाचला. आणि उरलेला अंश कोठें आहे. एवढें लिहिण्यास अर्धा कागद लागतो. तें नसेल तर तुकड्यांचा तो ढीग मिति, स्थळ व लेखनिक यांवांचून पडलेल्या बाडासारखा होईल.

सोलापुरांत व जिल्ह्याच्या इतर गांवांत असें काम जेव्हां होईल, तेव्हां तें आरोग्यखात्याचें म्हणून इतिहासप्रेमी मंडळींनीं दूर ठेवूं नये. शहराच्या गटारांचे नकाशे, कोणती पेठ कोणत्या सालीं कोणत्या फांट्यास जोडली याच्या नोंदी, जुन्या नाल्यांचे मार्ग हे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला करून ठेवाव्या. ज्या वस्तीचें पाणी कोठें जातें हें ठाऊक नाहीं, त्या वस्तीच्या नमुन्याचा अर्थ कोणासहि लावतां येणार नाहीं. आणि तें सांगणारा कागद बहुधा प्रयोगशाळेंत नसून एखाद्या जुन्या दप्तरांतच असतो.